नव्या घराच्या नळजोडणीच्या नोंदी: कुठे कोणता पाइप, आणि का

९ नोव्हेंबर
स्लॅबचं सेंटरिंग निघालं. विटांच्या भिंती उभ्या आहेत, गिलावा व्हायचा आहे. पाइप भिंतीत जाणार ते आता, दोन्हींच्या मधल्या काळात. अंदाजपत्रकात या सगळ्यासाठी एकच ओळ आहे: 'प्लंबिंग, सर्व मिळून'. त्या ओळीवर सही करायच्या आधी तिच्या पोटात काय काय आहे ते मला सुटं करून बघायचं आहे. पैसे मोजकेच आहेत, आणि भिंतीत गाडलेली वस्तू पुन्हा बदलायची म्हणजे फरशी, टाइल, गिलावा, रंग सगळंच नव्याने.

आज फक्त पाण्याचा रस्ता कागदावर काढला. बाहेरच्या जोडणीपासून जमिनीतल्या टाकीपर्यंत. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत. गच्चीवरून खाली उतरणारी मुख्य लाइन. तिला फुटणाऱ्या बाथरूम-स्वयंपाकघराच्या थंड पाण्याच्या शाखा. आणि गीझरपासून नळांपर्यंतची गरम लाइन. आखून झाल्यावर लक्षात येतं की कुठे ऊन आहे, कुठे माती, कुठे उष्णता, कुठे दाब. एकाच जातीचा पाइप या सगळ्याला सर्वांत योग्य आणि सर्वांत स्वस्त असेल हे शक्य नाही.

१२ नोव्हेंबर
सुरुवात जीआयपासून, कारण वडीलधाऱ्यांचा आग्रह तोच: 'लोखंडाला तोड नाही.' बाहेरून मार खाण्याच्या बाबतीत ते खरं आहे. पण जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा पातळ थर. पाण्याबरोबर तो थर आतून हळूहळू झिजतो आणि मग खालचं लोखंड गंजायला लागतं. गंजाच्या गाठी आणि क्षार मिळून पाइपाची पोकळी भरत जाते. प्लंबरदादांनी एका जुन्या घरातून काढलेला तुकडा दाखवला. बाहेरून ठीकठाक, आत करंगळी जाईल एवढीच वाट उरलेली. गरम पाण्यात हे आणखी लवकर होतं. साधारण ६० अंशांच्या वर काही प्रकारच्या पाण्यात जस्त लोखंडाचं रक्षण करणंच सोडून देतं. शिवाय प्रत्येक जोडाला आटे पाडावे लागतात, आणि आटे पाडले तिथे जस्त गेलं. गळतीची सुरुवात बहुधा तिथूनच.

तांब्याचा विचार मनापासून केला. टिकाऊ, उष्णतेला निर्धास्त, तापमानाने फारसं लांबत नाही. पण बजेटच्या बाहेर. आणि पाणी आम्लधर्मी असेल, म्हणजे पीएच साडेसहाच्या खाली, तर तांबंही झिजतं आणि बेसिनवर निळे-हिरवे डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. ज्यांना तांबं परवडतं त्यांनीही आधी पाणी तपासून घ्यावं. एक नियम मात्र दोन्ही धातू वापरणाऱ्या प्रत्येकाने पाळावा: वाहत्या पाण्याच्या दिशेने तांबं आधी आणि जीआय नंतर असं कधी ठेवू नये. पाण्यात विरघळलेलं किंचित तांबं पुढच्या जस्तावर बसतं आणि तिथे भोकं पाडतं.

१५ नोव्हेंबर
प्लास्टिकच्या पाइपांत निवड तापमानावर ठरते. दुकानात सगळे पाइप सारखेच भक्कम दिसतात, म्हणून आकडे लिहून ठेवते.

यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी, थंड पाण्यासाठी उत्तम आणि स्वस्त. पण २३ अंशांना जो दाब तो सोसतो, त्यातला ४३ अंशांना निम्माच उरतो आणि ६० अंशांना जेमतेम पाचवा हिस्सा. सीपीव्हीसी म्हणजे त्याच पीव्हीसीत आणखी क्लोरीन घातलेलं. साध्या पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं, सीपीव्हीसीत ६३ ते ६९ टक्के. एवढ्या फरकाने ते ९३ अंशांपर्यंत चालतं. त्याच्या एसडीआर ११ पाइपाला २३ अंशांना २७ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास दाब मान्य आहे, ६० अंशांना त्याच्या निम्मा, ८२ अंशांना जवळपास ७ बार.

एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. आकडा लहान तेवढा पाइप जाड. हे एकदा कळलं की छापील अक्षरं वाचता येतात.

१९ नोव्हेंबर
आज टेप घेऊन गच्चीवर गेले आणि सगळ्या हिशोबाचा रोखच बदलला.

पाइप निवडताना सगळे दाबाबद्दल बोलतात: हा १० बारचा, तो २० बारचा. पण माझ्या घरात दाब कुठून येणार? गच्चीवरच्या टाकीच्या उंचीतून. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार. वरच्या मजल्यावरच्या शॉवरपासून टाकीच्या तळाची उंची भरली २.६ मीटर. म्हणजे पाव बार. खालच्या मजल्यावर अर्ध्या बारच्या थोडं वर. पंचवीस बारचा पाइप पाव बारसाठी!

पाइप फुटेल ही भीती घरातल्या लाइनपुरती जवळजवळ निराधार आहे. खरी भीती वेगळी आहे. एवढासा दाब पाइपातच जिरून जाईल आणि शॉवरखाली उभं राहिल्यावर पाणी ठिबकत येईल.

म्हणून घर्षणाचा हिशोब मांडला. मिनिटाला १२ लिटर पाणी, १० मीटर सरळ लांबी, गुळगुळीत प्लास्टिक. अर्धा इंची सीपीव्हीसीची आतली पोकळी सुमारे १२.४ मिमी, त्यात २.७ मीटर उंची खर्च होते. म्हणजे माझ्याकडे आहे त्याहून जास्त. पाऊण इंचीची पोकळी १८.२ मिमी, खर्च फक्त ०.४ मीटर. एक इंचीत जेमतेम ०.१२ मीटर. व्यास दुप्पट झाला की घर्षण जवळपास एकोणतिसाव्या भागावर येतं. शिवाय पाऊण इंची पाइपावरचा प्रत्येक एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, हा अर्धा-पाऊण मीटर जास्तीच्या पाइपाएवढा अडथळा.

टाकीवरून पाणी घेणाऱ्या प्रत्येकाने एवढं एकच गणित करावं. दाबाच्या वर्गावर जास्तीचे पैसे देण्यापेक्षा तेच पैसे मुख्य लाइनच्या व्यासावर घातले तर रोज त्याचा उपयोग होतो. ज्यांच्या घरात पाणी थेट बाहेरच्या लाइनच्या किंवा प्रेशर पंपाच्या दाबाने येतं त्यांचं गणित वेगळं. तिथे अर्धा इंचही चालून जातो आणि दाबाचा वर्ग बघावाच लागतो.

२० नोव्हेंबर
कालच्या हिशोबातून निघालेली बचत: थंड पाण्याच्या शाखांना एसडीआर १३.५ चा सीपीव्हीसी पुरतो. भिंत थोडी पातळ, पोकळी थोडी मोठी, किंमत कमी, बाहेरचा व्यास तोच असल्यामुळे फिटिंगही तीच. गरम लाइनला मात्र एसडीआर ११ च. गीझरच्या थंड बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) असेल तर तापून फुगलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते. दाब सेफ्टी व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चढतो. तिथे टाकीच्या उंचीचा हिशोब लागू होत नाही. गीझर घेताना त्या व्हॉल्व्हवरचा आकडा बघायचा आणि तो पाइपाच्या गरम स्थितीतल्या दाबाच्या आत आहे याची खात्री करायची.

२४ नोव्हेंबर
पीपीआर (पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा पाइप) की सीपीव्हीसी, यावर प्लंबरदादांशी बराच वेळ बोलणं झालं. दोन्ही चांगले आहेत, म्हणून निर्णय अवघड.

पीपीआरचा जोड मला फार आवडतो. पाइप आणि फिटिंग दोन्ही २६० अंशांवर तापवून एकमेकांत सरकवायचे. थंड झाल्यावर ती एकच वस्तू होते. चिकट द्रव नाही, वास नाही, सुकायची वाट बघणं नाही. २० मिमीला ५ सेकंद तापवायचं, २५ ला ७, ३२ ला ८. पण इतक्या कमी वेळात करायचं काम हात बसल्याशिवाय होत नाही. जास्त तापवलं किंवा जास्त खोल दाबलं तर वितळलेल्या प्लास्टिकची कडा आत फुगून वाट अरुंद करते, आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही. कमी दाबाच्या माझ्या घराला हा धोका नको.

दुसरी गोष्ट आतल्या पोकळीची. २५ मिमीचा पीएन २० (म्हणजे २० बार दाबाच्या वर्गाचा) पीपीआर हातात घेतला तर पाऊण इंची सीपीव्हीसीपेक्षा जाडजूड दिसतो, पण त्याची भिंत ४.२ मिमी, आणि पोकळी १६.६ मिमीच. परवाच्याच हिशोबाने १० मीटरमागे ०.६५ मीटर खर्च. पीपीआरचं नाव बाहेरच्या व्यासावरून पडतं; दोन जातींची तुलना करताना नेहमी पोकळी विचारायची.

तिसरी गोष्ट लांबण्याची. ६ मीटरची उघडी लाइन ४० अंशांनी तापली तर साधा पीपीआर ३६ मिमी लांबतो, सीपीव्हीसी १५-१६ मिमी, तांबं ४ मिमी. भिंतीत घट्ट बसलेल्या लाइनीला याचा फारसा त्रास नाही, उघड्या गरम लाइनीला आहे.

"ताई, माझा हात सीपीव्हीसीवर बसलाय," दादा म्हणाले. "पीपीआर पाहिजे असेल तर मशीनवाला माणूस आणा, मी मध्ये पडणार नाही." मला हे सांगणं फार मोलाचं वाटलं. जो माणूस काम करणार त्याला जी पद्धत नीट येते ती निवडणं हा साहित्याच्या निवडीचाच भाग आहे. हातात पीपीआरचा कसबी माणूस असता तर मी कदाचित उलटा निर्णय घेतला असता आणि ३२ मिमी वापरला असता.

पेक्स, म्हणजे पॉलिथिलीनचा लवचीक प्रकार, तोही बघितला. सहज वळवता येतो, म्हणून भिंतीतले जोड खूप कमी होतात. मॅनिफोल्डपासून, म्हणजे जिथून सगळ्या शाखा फुटतात त्या एका जोडणीपासून, प्रत्येक नळाला सलग नळी नेता येते. पण काही प्रकारांत फिटिंग पाइपाच्या आत जातं आणि तिथे पोकळी आकसते, उन्हात तो टिकत नाही, आणि त्याचं खास हत्यार व सुटे भाग लागतात. दहा वर्षांनी जोड बदलायची वेळ आली तर तेच भाग मिळतील का, हा प्रश्न कोणत्याही पद्धतीला विचारावा. सीपीव्हीसीला कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) आणि सॉल्व्हेंटचा, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रवाचा, डबा पुरतो.

२८ नोव्हेंबर
गरम पाण्याचा वेगळाच पेच. व्यास मोठा तर प्रवाह चांगला, पण नळ उघडल्यावर आधी पाइपातलं गार पाणी बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. पाऊण इंचीत मीटरला पाव लिटरच्या वर पाणी मावतं. मूळ आराखड्यात गीझर १२ मीटर लांब होता: दर वेळी ३ लिटर पाणी आणि अर्धा मिनिट वाया, आणि पाइपात तापून राहिलेलं पाणी पुन्हा गार. गीझर बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीवर घेतला. आता गरम लाइन ३ मीटरच्या आत संपते. पाइप वाचला, एल्बो वाचले, वीजही वाचेल. मला वाटतं एकूण बजेटमधली सगळ्यात मोठी बचत पाइपाच्या जातीत नव्हती, या एका भिंतीत होती. ज्यांचा आराखडा अजून कागदावर आहे त्यांनी ओल्या खोल्या पाठीला पाठ लावून घ्याव्यात.

३ डिसेंबर
निर्णय पक्के.

बाहेरून जमिनीतल्या टाकीपर्यंत काळा एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिलीनचा पाइप). गुंडाळीत येतो, त्यामुळे मातीखाली जोड जवळपास नाहीतच, आणि माती थोडी खचली तरी तो वाकतो, तुटत नाही. गंजाचा प्रश्न नाही. एकच पथ्य: जिथे पेट्रोल-डिझेल किंवा थिनर सांडलेलं असेल अशा मातीतून नेऊ नये, ते द्रव प्लास्टिकच्या भिंतीतून आत झिरपतात.

पंपापासून गच्चीपर्यंत जाड वर्गाचा यूपीव्हीसी. इथे दाबाचा वर्ग खरोखर लागतो. पंप बंद पडला की चढलेलं पाणी धक्का देतं. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी झटक्यात थांबलं तर यूपीव्हीसीत साधारण ४ बारचा जास्तीचा धक्का बसतो. लोखंडात तो तिप्पट असतो, कारण लोखंड लवत नाही. खाली नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि पाइपाला भिंतीशी नीट क्लॅम्प.

गच्चीवरून उतरणारी मुख्य लाइन यूपीव्हीसी, ५० मिमी, पुढे ४०. फ्लश टाकी आणि बागेच्या नळाची शाखाही यूपीव्हीसी.

बाथरूम आणि स्वयंपाकघरात गरम-थंड दोन्ही सीपीव्हीसी. थंडाला यूपीव्हीसी घालून थोडे पैसे वाचवण्याचा सल्ला मिळाला होता. तो मी घेतला नाही. मिक्सरच्या नळात दोन्ही लाइनी एकत्र येतात. एका बाजूचा दाब कमी झाला की गरम पाणी थंड लाइनीत शिरू शकतं. गीझरच्या तोंडाशी तर थंड पाइपही तापतो. भिंतीच्या आत एकच जात असली की चुकून अदलाबदलही होत नाही.

पुढेमागे सोलर बसवायचं आहे. पाणी न वापरता पॅनेल उन्हात तापत राहिलं तर त्यातलं तापमान कोणत्याही घरगुती प्लास्टिकच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतं, म्हणून पॅनेलपासूनचा पहिला भाग धातूचा, आणि घरात येण्याआधी तापमान मर्यादेत ठेवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह. त्यासाठी गच्चीपर्यंत जागा राखून ठेवली.

८ डिसेंबर
माल आला. प्रत्येक नळकांडं फिरवून छपाई वाचली: जात, व्यास, एसडीआर, मानकाचा क्रमांक, बॅच, तारीख. गरम-थंड पाण्याच्या सीपीव्हीसीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५८७७, पीपीआरसाठी १५८७४, पेक्ससाठी १५८७५. आपल्या देशाचं मानक वेगळं असेल तर तेही पाइपावर छापलेलं असायला हवं. पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असल्याची खूण पाइपावरच हवी, कागदावर नको. ज्यावर काहीच छापलेलं नाही असा पाइप कितीही स्वस्त असो, भिंतीत घालू नये.

फिटिंगांत काटकसर केली नाही. नळ जिथे बसतो तिथला प्रत्येक एल्बो पितळी आट्यांचा. प्लास्टिकच्या आट्यांत धातूचा नळ आवळला की ते पुढे कधीतरी चिरतात.

१३ डिसेंबर
भिंतीत झिऱ्या पाडल्या, त्याही यंत्राने कापून. छन्नीने फोडलं की वीट हलते. झिरीच्या तळाशी टोकदार खडा राहू दिला नाही. आडवा पाइप उघडा असेल तिथे दर ९० सेंटिमीटरला क्लॅम्प, पण पाइप सरकेल इतका सैल. गरम लाइनवर फोमचं आवरण. त्याने उष्णता टिकते आणि पाइपाला लांबायला जागाही मिळते.

इलेक्ट्रिशियन त्याच भिंतीत काम करतोय. त्याला सांगून सीपीव्हीसीला वायर टेकू दिली नाही. मऊ पीव्हीसीच्या वायरीतलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) सीपीव्हीसीला हळूहळू ठिसूळ करतं. तेच तेलाचं, काही स्प्रे फोमचं आणि आट्यांना लावायच्या काही पेस्टचं. आट्यांना फक्त टेफ्लॉन टेप.

१६ डिसेंबर
जोडकाम. सीपीव्हीसीचं सॉल्व्हेंट वेगळं असतं; पीव्हीसीचा डबा चालत नाही. पाइप काटकोनात कापायचा, कडेचा चुरा काढायचा, कोरडा बसवून बघायचा: फिटिंगमध्ये तो एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जावा, पूर्ण जात असेल तर सैल आहे. मग पाइपाला आणि फिटिंगला सारखा थर, पाव फेरी फिरवत आत, आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं, नाहीतर पाइप स्वतःच मागे सरकतो. सॉल्व्हेंट जास्त लावलं तर आत डबकं साचतं आणि पाइपाची भिंत मऊ पडते. दादांच्या प्रत्येक जोडावर बाहेर एकसारखी बारीक कडा दिसत होती.

२० डिसेंबर
हवा थंड आहे, त्यामुळे डब्यावर लिहिलेल्यापैकी थंडीचा, म्हणजे लांबचा वेळ धरला आणि मगच चाचणी घेतली. सगळ्या तोंडांना डमी प्लग, सर्वांत उंच टोकाने हवा काढून टाकली, हातपंपाने दाब चढवला: गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या दीडपट, कारण या घरात तोच सर्वांत मोठा दाब. चाचणी पाण्यानेच करावी. दाबलेल्या हवेत एवढी शक्ती साठते की प्लास्टिक फुटलं तर तुकडे उडतात.

काटा पहिल्यांदा थोडा खाली आला. प्लास्टिक दाबाखाली किंचित फुगतं, म्हणून हे होतंच. पुन्हा चढवला आणि मग तो स्थिर राहिला. गॅलरीकडच्या एका टी-जोडाजवळ मात्र ओल दिसली. तो जोड कापून कपलरने नवा केला, वाळू दिला, पुन्हा चाचणी. आता सगळं कोरडं.

२२ डिसेंबर
गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी टेप लावून: फरशीपासून किती, कोपऱ्यापासून किती. हे पुढे ड्रिल मारणाऱ्यासाठी. प्रत्येक खोलीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह, हात पोचेल असा. एका नळाच्या दुरुस्तीसाठी सबंध घराचं पाणी बंद करावं लागू नये.

२७ डिसेंबर
गच्चीवरच्या यूपीव्हीसीला पाण्यात मिसळणाऱ्या फिक्या रंगाचे दोन हात दिले. ऊन थेट लागलं की तो पांढुरका पडून ठिसूळ होतो. एचडीपीईला रंग लागत नाही, त्यात काजळीच मिसळलेली असते.

टाकी धुऊन भरली आणि प्रत्येक नळ जाळी काढून बराच वेळ सोडून ठेवला, कापलेल्या प्लास्टिकचा चुरा आणि सॉल्व्हेंटचा वास जाईपर्यंत. नव्या पितळी भागांतून सुरुवातीला थोडं शिसं उतरू शकतं, म्हणून रात्रभर साचलेलं पहिलं पाणी काही आठवडे पिण्यासाठी घ्यायचं नाही असं घरात सगळ्यांना सांगितलं.

वरच्या शॉवरखाली बादली लावून मोजलं: मिनिटाला साधारण ११ लिटर. उरलेले अख्खे पाइप उद्या परत जातील. छाटलेले तुकडे आणि जास्तीचे दोन कपलर जिन्याखालच्या कपाटात, फोटोंच्या छापील प्रतींबरोबर.